हिशेब मिटला, असे कोणी म्हणावे?



तलाकाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तलाक केव्हा द्यावा, कसा द्यावा, एका बैठकीत तीनदा तो शब्द उच्चारणे किती मोठे पाप आहे, हे विषय जुमाच्या खुतब्यांतून आणि अशा मासिकांतून आपण वारंवार ऐकले-वाचले आहेत. तलाकानंतर उरणाऱ्या पैशांच्या प्रश्नाकडे मात्र आपण फारसे वळत नाही. तो दोन घरांचा खाजगी मामला आहे, वडीलधारे बसून मिटवतील, असे आपण मानतो. मीही असेच मानत होतो. माझ्याच हस्ताक्षरातील एका कागदाने मला यावर विचार करण्यास भाग पाडले, म्हणून आधी त्या कागदाविषयी सांगतो.

साडेतीन वर्षांपूर्वी म्हाळुंगे परिसरात राहणारे एक दाम्पत्य आमच्या मशिदीत आले. दोघेही मूळचे मराठवाड्यातले. तो चाकणच्या एका लहान कारखान्यात फिटर, ती दुसऱ्या एका कारखान्यात वायरिंग जोडणीच्या लाइनवर. नऊ वर्षांचा संसार आणि सहा वर्षांची एक मुलगी. दोन्हीकडच्या मंडळींनी तीन बैठकांत समेटाचा प्रयत्न केला. तो सफल झाला नाही. अखेर परस्परसंमतीने विभक्त होण्याचे, म्हणजे मुबारातीचे ठरले. महराचे 21 हजार रुपये त्याने सर्वांसमक्ष मोजून दिले. इद्दतीच्या खर्चाचे 18 हजारही दिले. मुलगी आईकडे राहील आणि तिचा खर्च बाप देईल, हे लिहिले गेले. मग मी शेवटचे वाक्य लिहिले: आजपासून उभयतांचा एकमेकांवर कोणताही आर्थिक हक्क वा दावा उरलेला नाही. खरे सांगायचे तर ते वाक्य मला आवडले होते. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला 'उभयता' लिहिण्याचा मोह आवरत नाही.

दीड वर्षाने ती वडिलांना घेऊन परत आली. हातात बँकेची नोटीस होती. नऊ वर्षांच्या त्या संसारात त्यांनी एक वन बीएचके फ्लॅट घेतला होता. करारनामा एकट्या पतीच्या नावे. परंतु त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नव्हते, म्हणून तिचा पगार जोडून तिला सहकर्जदार केले होते. "सही कर म्हणाले, मी केली," ती म्हणाली. तलाकानंतर त्याच्या कारखान्यातील काम कमी झाले, त्याला घरी बसावे लागले, तीन हप्ते थकले आणि बँकेचे फोन तिला येऊ लागले. कामावर जाण्यासाठी तिला जुनी स्कूटी घ्यायची होती. सिबिल खराब झाल्याने तेवढ्याही रकमेचे कर्ज तिला नाकारले गेले. "मौलाना, तुमच्या कागदावर संपलंय, पण बँकेत अजून माझंच नाव आहे," असे ती म्हणाली आणि गप्प बसली. तिचे वडील माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

वाचकहो, त्या रात्री मी मदरशात शिकलेला 'हिदाया' पुन्हा उघडला. मुबारात या शब्दाचा मूळ अर्थ एकमेकांना दायित्वातून मोकळे करणे असा आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते मुबारातीने पती-पत्नीचे एकमेकांवरील ते सर्व हक्क संपतात, जे निकाहशी संबंधित आहेत. त्यांचेच थोर शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते तेवढेच हक्क संपतात, ज्यांचा स्पष्ट उल्लेख झाला असेल. विद्यार्थिदशेत ही मतभिन्नता मी तोंडपाठ केली होती. 'निकाहशी संबंधित' ही अट सुलहनामा लिहिताना मात्र माझ्या लक्षातून निसटली. बँकेचे कर्ज निकाहातून निर्माण होत नाही. मुलीचा खर्च हा तर आईचा हक्कच नव्हे, तो मुलीचा हक्क आहे. तो मुबारातीने सुटत नाही. म्हणजे 'कोणताही दावा उरलेला नाही' हे माझे वाक्य फिकहच्या दृष्टीनेही खोटे होते आणि बँकेच्या दृष्टीनेही. आम्ही चारचौघांनी मशिदीच्या कार्यालयात बसून बँकेचे देणे मिटवले, आणि बँक तिथे हजरच नव्हती!

येथून मला तो प्रश्न पडला, जो आज आपल्यापुढे ठेवत आहे. पती-पत्नीमधील आर्थिक संबंध संपला, असे कोणी म्हणावे? आपल्या समाजात हे वाक्य बहुतेक वेळा देणेकरी म्हणतो. "महर दिला, इद्दतीचे दिले, आता काय राहिले?" हे पुरुषाचे वाक्य असते, किंवा त्याच्या बाजूने बसलेल्या वडीलधाऱ्यांचे. परंतु कोणत्याही व्यवहारात देणे फिटले हे सांगण्याचा अधिकार घेणाऱ्याचा असतो. चाकणच्या बाजारात किराणा उधार घेणारा माणूस स्वतःच वहीवर 'चुकते' असे लिहीत नाही.

कर्जाला इस्लामने किती गांभीर्याने घेतले आहे, हे आपण जाणता. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाज किंवा रोजा यांविषयी नाही. ती देणेघेणे लिहून ठेवण्याविषयी आहे (2:282). प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एक जनाजा आणला गेला. मृतावर काही दिनारांचे कर्ज आहे आणि फेडण्यास त्याने मागे काही ठेवलेले नाही, हे कळताच त्यांनी स्वतः नमाज पढवण्याचे थांबवले, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतले, तेव्हाच नमाज पढवली. आता आपल्याकडील दृश्य आठवा. महर हेही कर्जच आहे. तो फेडण्याऐवजी आपल्या कित्येक घरांत पतीच्या जनाज्याजवळ रडणाऱ्या विधवेला म्हटले जाते, महर माफ कर. सूरह निसा (4:4) म्हणते की पत्नीने मनापासून, खुशीने महरातील काही सोडले तरच ते घ्यावे. मयतीजवळ बसलेल्या स्त्रीची कोणती खुशी आपण विचारतो?

एक किस्सा येथे सांगण्याजोगा आहे. निकाहनाम्यात महराचे दोन प्रकार येतात. लगेच द्यावयाचा तो मुअज्जल, आणि नंतर द्यावयाचा तोही मुअज्जल! अरबी लिपीत पहिल्यात 'ऐन' आहे, दुसऱ्यात 'हमजा'. आपल्या उच्चारात आणि देवनागरीत दोन्ही शब्द एकच होतात. निकाहाच्या वेळी काझी 'महर मुअज्जल' म्हणतो, मंडपातले सर्व माना हलवतात, आणि महर आज द्यायचा की पुढे कधीतरी, हे नवरीला कळतच नाही. मी आता मराठीत 'आजच' किंवा 'उधार' असे लिहितो. काहींना 'उधार' हा शब्द निकाहाच्या कागदावर अशोभनीय वाटतो. उधारच असेल तर दुसरा कोणता शब्द लिहावा?

आता थोडे दूरचे, तरी महाराष्ट्रातलेच एक प्रकरण पाहू. चिपळूणच्या एका दाम्पत्याचा निकाह 2005 साली झाला. पती परदेशात नोकरीला होता. 2008 मध्ये त्याने रजिस्टर पोस्टाने तलाक पाठवला. तिने 1986 च्या मुस्लिम स्त्रियांविषयीच्या कायद्याखाली अर्ज केला. चिपळूणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी 2014 मध्ये 4 लाख 32 हजार रुपये ठरवले; खेडच्या सत्र न्यायालयाने (आपले राजगुरुनगरचे खेड नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातले) 2017 मध्ये ती रक्कम 9 लाख केली. 2018 मध्ये त्या स्त्रीने दुसरा निकाह केला. पतीने मुंबई उच्च न्यायालयात सांगितले की आता ती दुसऱ्याची पत्नी झाली, माझे देणे संपले. जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले. तिचा हक्क तलाकाच्या दिवशीच पक्का झाला. नंतरच्या निकाहाने तो नाहीसा होत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

हा निकाल आला तेव्हा आमच्या भागात त्यावर बरीच कुजबुज झाली. दुसऱ्या नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला पहिल्याने का पोसावे, असे लोक विचारत होते. प्रश्न ऐकायला रास्त वाटतो. परंतु 'पोसणे' हा शब्दच येथे चुकीचा आहे. किराणेवाल्याच्या मुलाला उद्या चांगली नोकरी लागली, म्हणून आपली उधारी माफ होत नाही. उधारी होण्याचे कारण आपण नेलेला माल असते. किराणेवाल्याची गरज नव्हे. त्या पतीने 2008 मध्येच, इद्दतीच्या तीन-साडेतीन महिन्यांत, आपल्या ऐपतीप्रमाणे एकरकमी देऊन टाकले असते, तर 2018 मधील तिच्या निकाहाशी त्याचा काय संबंध उरला असता? तिच्या लग्नाची बातमीसुद्धा त्याला कळण्याचे कारण नव्हते. ज्याला संबंध तोडायचा होता, त्यानेच न देऊन तो सुमारे सोळा वर्षे चालू ठेवला.

या कायद्यातील सगळा वाद एका छोट्याशा शब्दावर उभा आहे. कायदा म्हणतो, पतीने इद्दतीच्या मुदतीच्या आत पत्नीसाठी वाजवी आणि न्याय्य तरतूद करावी व निर्वाह द्यावा. कित्येकांनी याचा अर्थ 'इद्दतीपुरते द्यावे' असा घेतला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतीफी खटल्यात 28 सप्टेंबर 2001 रोजी वेगळा अर्थ सांगितला: देणे तिच्या पुढील आयुष्याचा विचार करून द्यावे, मात्र ते इद्दतीच्या आत द्यावे. व्याकरण शिकलेल्या माणसाला यात वेगळाच रस वाटतो. 'पुरते' हे शब्दयोगी अव्यय माप सांगते, 'आत' हे मुदत सांगते. 'पगार सात तारखेच्या आत द्यावा' आणि 'पगार सात तारखेपुरता द्यावा' यांतला फरक चाकणमधल्या कोणत्याही कामगाराला समजावून सांगावा लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, इमामसाहेब, तुम्ही न्यायालयाची भाषा बोलू लागलात. शरीअत काय म्हणते? हा प्रश्न मी टाळणार नाही. नफका, म्हणजे पत्नी म्हणून मिळणारा निर्वाह, इद्दतीबरोबर संपतो. मी हेच शिकलो आणि हेच शिकवतो. निकाह संपल्यावर परक्या स्त्रीला आयुष्यभर दरमहा पोसण्याचे बंधन फिकहच्या ग्रंथांत नाही. तिची जबाबदारी तिचे वडील, भाऊ, मुले यांच्याकडे येते. परंतु कुरआनात नफक्याशिवाय दुसरा एक शब्द आहे, मताअ. तलाक दिलेल्या स्त्रियांना रीतीप्रमाणे काही सामग्री, काही तरतूद द्यावी आणि हे ईशभय बाळगणाऱ्यांचे कर्तव्य आहे, असा सूरह बकराच्या 241 व्या आयतीचा आशय आहे. त्याच सूरहच्या 236 व्या आयतीत माप दिले आहे: सधनाने आपल्या ऐपतीप्रमाणे, गरिबाने आपल्या ऐपतीप्रमाणे.

आम्हा हनफींच्या मते हा मताअ एकाच परिस्थितीत बंधनकारक आहे, आणि इतर तलाकपीडित स्त्रियांना तो देणे मुस्तहब, म्हणजे पुण्यप्रद व पसंत आहे. इमाम शाफई (रह.) यांच्या मते मात्र सहवासानंतर तलाक दिलेल्या स्त्रीला, तिच्याकडून विभक्तीचे कारण घडलेले नसेल तर, मताअ देणे वाजिबच आहे; रक्कम ठरली नाही तर काझीने दोघांची परिस्थिती पाहून ठरवावी. आता लक्षात घ्या, कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत आणि चिपळूण कोकणात आहे. ज्या प्रदेशाच्या स्वतःच्या मजहबमध्ये मताअ वाजिब आहे, तेथील स्त्रीला तो मिळवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. हे वाचून आपण न्यायालयावर रागवायचे की स्वतःकडे पाहायचे?

आणि आम्ही हनफी? मुस्तहब म्हणजे 'नाही दिले तरी चालते', असे आमचे झाले आहे. वलीमा सुन्नत आहे. त्यासाठी आपण कर्ज काढतो. मताअ मुस्तहब आहे. तो दिल्याचे माझ्या दहा वर्षांच्या इमामतीत मी दोनदाच पाहिले. हजरत हसन बिन अली (रजि.) यांनी तलाक दिलेल्या पत्नीकडे दहा हजार दिरहम पाठवल्याचे तफसीरकारांनी नोंदवले आहे. तिने ती रक्कम पाहून वियोगापुढे हे थोडेच आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. दहा हजार देऊनही देणारा 'फार दिले' म्हणाला नाही, आणि घेणारी 'पुरे झाले' म्हणाली नाही. त्या घरातले बोलणे असे होते.

इंदूरच्या शाहबानो प्रकरणाची आठवण येथे अटळ आहे. 43 वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर पडलेल्या त्या वृद्धेला उच्च न्यायालयाने ठरवलेली रक्कम दरमहा 179 रुपये 20 पैसे होती. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि देशभर वादळ उठले. त्यातूनच 1986 चा कायदा आला. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेखालील दरमहा निर्वाहाचा मार्ग तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही खुला असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. आपल्यातील अनेक विद्वानांना हे मान्य नाही, आणि त्यांच्या मताबद्दल मला आदर आहे. दरमहा निर्वाहाची व्यवस्था मलाही मनापासून पटत नाही. दर महिन्याला एकाने टाळायचे, दुसऱ्याने मागायचे, तारखेला उभे राहायचे, वसुलीचे वॉरंट काढायचे. यात तुटलेला संबंध वर्षानुवर्षे दुखत राहतो. पत्नीला ना नांदवले ना सोडले अशा लटकत्या अवस्थेत ठेवण्यास कुरआनाने मनाई केली आहे (4:129). शरीअतला स्वच्छ, सुंदर निरोप हवा आहे. परंतु त्या निरोपाचे दोन भाग होते: नीट देणे आणि मग मोकळे होणे. आपण मोकळे होणे ठेवले आणि देणे गाळले. मग न्यायालयाने तिसरीच वाट काढली, याचे नवल कशाला?

आता मी त्या म्हाळुंग्याच्या दाम्पत्याकडे परत येतो, कारण बँकेची गोष्ट सोपी होती. तिच्या आड दुसरी एक अवघड गोष्ट दडलेली होती.

त्याचा पगार 24 हजार, तिचा 13 हजार. त्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जाई. तिच्या पगारातून किराणा, गॅस, वीजबिल, मुलीची शाळा. सात वर्षे असे चालले. ही दोघांनी मिळून केलेली सोय होती. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. परंतु शरीअतचा नियम आठवा: घरखर्च पूर्णपणे पतीवर आहे, पत्नी कितीही कमावती असो. तिची कमाई तिचीच (4:32). म्हणजे सात वर्षे ती त्याचे कर्तव्य आपल्या पगारातून पार पाडत होती, आणि त्यामुळे त्याचा पगार विटा आणि स्लॅब बनून त्याच्या नावावर जमा होत होता. किराणा खाऊन संपला, फ्लॅट उभा राहिला. संसार मोडला तेव्हा एकाकडे घर होते आणि दुसरीकडे सात वर्षांच्या किराण्याची आठवण.

फिकह याबाबत काय म्हणते? पत्नीने स्वतःहून घरखर्च केला तर तो तबर्रुअ, स्वेच्छेने केलेला उपकार ठरतो; परत मागता येत नाही. पतीच्या सांगण्यावरून, परतफेडीच्या बोलीवर केला तर ते कर्ज ठरते. नियम स्पष्ट आहे. पण कोणती पत्नी तेलाची पिशवी आणताना अशी बोली करते? कोणता पती रेशनच्या पावतीवर 'हे मी फेडीन' असे लिहून देतो? काझीसमोर हा खटला गेला तर पुराव्याअभावी ती हरेल. आणि पती म्हणेल, शरीअतनेच माझ्या बाजूने निर्णय दिला.

वाचकहो, या निबंधातील माझा खरा प्रश्न हा आहे. जेथे नियम हात लावत नाही, तेथे माणूस मोकळा असतो काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण मला सूरह निसाच्या 20 व 21 व्या आयतींत सापडते. पत्नीला ढीगभर संपत्ती दिली असली तरी तलाकाच्या वेळी त्यातील काही परत घेऊ नका, असे तेथे सांगितले आहे. त्याला दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. तुम्ही एकमेकांच्या इतके निकट राहिलात आणि त्यांनी तुमच्याकडून दृढ वचन घेतले, मग परत कसे घ्याल, असा तो प्रश्न आहे. मुळात तो महराविषयी आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु कारणाकडे पाहा. येथे निकटता हेच कारण आहे. तिने हिशेब ठेवला नाही, कारण ती पत्नी होती. परक्या माणसाबरोबर तिने पै-पैचा कागद केला असता. म्हणजे पुरावा नसण्याचे कारण तिचा विश्वास आहे. तोच विश्वास उद्या 'पुरावा कुठे आहे' असे विचारण्यासाठी वापरायचा, हे कायद्याने बसत असेल. पण ज्या अल्लाहला पावतीची गरज नाही, त्याच्यासमोर ते कसे बसेल? तलाकाचे आदेश देतानाच, आपसातील औदार्य विसरू नका, असे सूरह बकरा (2:237) बजावते. काझीची सत्ता संपते तेथून पुढे ही आयत लागू होते, असे मी समजतो.

उलट बाजूही खरी आहे. त्या पतीने मला ऐकवले, "तिनेही याच घरात राहून खाल्लं. तिच्या ऑपरेशनला मी पैसे दिले. तिच्या भावाच्या लग्नाला दिले. ते कोण मोजणार?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ऑपरेशनची मदत पतीच्या सौजन्यात येते. भावाच्या लग्नाचे पैसे हेही बोली न करता दिलेलेच होते. हिशेब एकाच बाजूने उघडला तर तो न्याय होत नाही. तलाकाच्या वेळी रागाच्या भरात दागिन्यांच्या याद्या फुगवणारी माहेरची माणसेही मी पाहिली आहेत; सासूने लग्नात केवळ अंगावर घालायला दिलेला हार आपलाच असल्याचे सांगणारी एक सूनही पाहिली आहे. दिलेली भेट आणि वापरायला दिलेली वस्तू यांत शरीअत भेद करते. हनफी मतानुसार पतीने पत्नीला भेट म्हणून दिलेले तलाकानंतरही परत मागता येत नाही. वापरायला दिलेले मात्र परत करावेच लागते. कोणते काय होते, हे दोघांच्या अंतःकरणाला माहीत असते.

आपल्या भागात आता नवा एक प्रकार वाढला आहे. महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून मोशी-चिखलीकडे अनेकजण फ्लॅट पत्नीच्या नावे करतात. संसार चालू असताना सासूसमोर म्हणतात, तिच्याच नावावर केलाय. तलाकाच्या वेळी म्हणतात, नाव फक्त सवलतीसाठी होते. या दोहोंपैकी एक वाक्य खोटे आहे, आणि कोणते खोटे आहे हे त्यांनी घर घेतानाच ठरवायला हवे होते. पीएफच्या नोंदीतील नाव, विम्यातील वारस, संयुक्त बँक खाते, हेही तलाकनाम्याने आपोआप बदलत नाही. माणूस दुसरा निकाह करतो आणि कारखान्याच्या कागदांत पहिलीच पत्नी राहते. उद्या मशिनीवर अपघात झाला तर दोन स्त्रिया एकाच खिडकीसमोर भांडत उभ्या राहतील.

म्हाळुंग्याच्या प्रकरणात पुढे काय झाले, ते सांगतो. त्या पतीला पुन्हा काम मिळाले. त्याचा थोरला भाऊ तिच्या जागी सहकर्जदार झाला. बँकेची कागदपत्रे पूर्ण होऊन तिचे नाव निघण्यास सात महिने लागले, आणि त्याचा खर्च पतीने केला. सात वर्षांच्या घरखर्चावर मात्र तो बरेच दिवस अडून बसला. मी त्याला फतवा दिला नाही, कारण देण्याजोगा फतवा माझ्याकडे नव्हता. इतकेच विचारले की तुझ्या मुलीच्या बाबतीत उद्या तिच्या सासरच्यांनी असा हिशेब मांडला, तर तू तो मान्य करशील का? तो उठून गेला. तीन आठवड्यांनी थोरल्या भावाला घेऊन परत आला. ऑपरेशन, लग्नाचे पैसे, सगळे बोलून झाले. दोन्ही बाजूंनी अंदाजाने 2 लाख रुपयांवर एकमत झाले. दरमहा 5 हजारांचे 40 हप्ते. एकरकमी देणे अधिक चांगले झाले असते, पण अल्लाह कोणावरही त्याच्या ऐपतीपलीकडे भार टाकत नाही, आणि त्याची ऐपत एवढीच होती. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मुलीचा खर्च वेगळा लिहिला, या रकमेत मिसळला नाही.

11 वा हप्ता गेल्या जुमाला आला. पावती तिच्या वडिलांच्या सहीने जाते. नव्या कागदावर मी 'दावा उरलेला नाही' हे वाक्य लिहिलेले नाही. 40 वा हप्ता पोहोचला की तिला बोलावून ते तिच्याच हाताने, तिला हव्या त्या शब्दांत लिहून घ्यायचे ठरले आहे. तोवर तो कागद माझ्या रजिस्टरात, साडेतीन वर्षांपूर्वीच्या त्या जुन्या कागदाला पिन लावून ठेवलेला आहे.